बाटलेलं बी

मार्गशीर्षात वाईजवळच्या घरून वहिनीचा फोन आला. परसात पेव्हर ब्लॉक बसवले, गाडी आता थेट आत येते. पावट्याचा मांडव त्यासाठी काढला. बी ठेवलंय ना, असं विचारलं तर म्हणाली, "पाकिटात मिळतं की भाऊजी."

तेव्हापासून १९९१ ते २००० ही वर्षं डोक्यातून जात नाहीत. त्याआधी पावटा आत्याने लावायचा आणि आम्ही सोलायचा, इतकाच संबंध. नंतरची वर्षं पुण्यात मंडईतल्या शेंगा मोडून नाक मुरडण्यात गेली.

आत्याचा पावटा पांढऱ्या फुलांचा, हिरव्या देठाचा. ९१च्या आषाढात तिने टोकलेल्या बियांतून एकच रोप जांभळ्या देठाचं आलं. "बाटलं," ती म्हणाली. शेजारच्या कुंपणावर जांभळ्या फुलांचा वेल होता आणि काळा भुंगा दोन्ही घरी जेवायचा. पावटा बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतो, पण असा दांडगा गडी फुलात घुसला की कधीतरी घोटाळा होतो. जांभळा रंग पांढऱ्यावर मात करतो, म्हणून चोरी देठावरच पकडली गेली. बी बघून काही कळलं नसतं. बियांचं साल आईचंच असतं, बाप आत दडून बसतो.

उपटायला निघालेल्या आत्याला मी थांबवलं. शेंगा धरल्यावर तालुक्याच्या एका साहेबांना दाखवल्या. हात न लावता ते म्हणाले, "भेसळ आहे, टाकून द्या."

९२ साली त्या एका वेलाचं बी पेरलं आणि मांडवावर जत्रा भरली. साधारण चौथा हिस्सा पुन्हा पांढऱ्या फुलांचा. कुठे कोयत्यासारखी रुंद शेंग, कुठे जांभळी कड, कुठे बोटभर लांबीची बारीक. सगळ्यांत देखण्या वेलाचं बिरडं इतकं कडू निघालं की आत्याने महिनाभर टोमणे मारले. तीन वेल ठेवले. शेंग मोडल्यावर बोटांना तेलकट वास राहिला पाहिजे, ही तिची कसोटी. मला आजही दुसरी सुचत नाही.

पुढे नुसती वाट पाहणं. आमचा जुना पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणजे वर्षाला एकच पिढी. दर पिढीला मिसळण निम्म्याने कमी होते. ९४ला माव्याने दोन वेल संपवले. उरलेल्या एकाचं बी आत्याने गाडग्यात राखेत ठेवलं. ९७ साली पहिल्यांदा सगळा मांडव एका जातीचा दिसला: लवकर फुलणारा, बिनशिरेचा.

योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्यावरच दाखवलं होतं की शुद्ध वाणात टपोरे दाणे निवडत बसलं तरी पुढची पिढी टपोरी होत नाही. मी हे फार उशिरा वाचलं. आत्या जन्मभर सुपातून टपोरे दाणेच वेचत आली होती! तिला ते कधी सांगितलं नाही.

९८ला तेच साहेब पिशवी घेऊन बी मागायला आले. कुठल्या विद्यापीठाचं वाण, असंही विचारलं. "भेसळ आहे," आत्या म्हणाली आणि मूठभर दिलंही. मी दिलं नसतं.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवायची सोय झाली. आम्ही अर्जसुद्धा आणला नाही. २००३ साली आत्या गेली. साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री. दोन्ही वेळा मी पेपर वाचून खूश झालो, आपलं बी घरी आहेच या भरवशावर.

परवा वहिनीला माळ्यावर बघायला लावलं. गाडगं सापडलं. राखेत दाणे होते, भोकं पडलेले. शाबूत किती निघाले, मी विचारलं.

"मोजले नाहीत भाऊजी. गाडगं तेवढं धुऊन ठेवलंय."