दाराची फट आणि दाराखालचा सांगाडा

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीचं दार बसवणं हे मुंबई-पुण्याच्या बड्या गॅरेजचंच काम, असं आपल्याकडे मराठवाड्यात धरून चालतात. तसं नाही. 1962 ची ट्रायम्फ स्पिटफायर ज्या हेराल्डची चॅसी आखूड करून उभी राहिली, ती हेराल्ड 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनत होती. जीप-ट्रॅक्टरचे पत्रे सरळ करणाऱ्या हिंगोली-वसमतच्या डेंटरला यात अनोळखी फार थोडं आहे: खाली चॅसी, वर बोल्टांनी आवळलेली बॉडी, मधे पॅकिंग. काम बिघडतं ते समजुतींमुळे.

गैरसमज: दार अडकलं म्हणजे बिजागरी गेली.

बिजागरीची पिन झिजते, हे खरं. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर पिन बदला. पण खडखड नाही आणि मागची फट वर अरुंद, खाली रुंद दिसते, तर दोष दाराखाली शोधा. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो. मधला भाग खचला की चौकटीचे दोन्ही खांब वरच्या अंगाला एकमेकांकडे झुकतात. अशा वेळी दाराची कड घासून फट काढणं म्हणजे रोग झाकणं.

इथे हेराल्ड आणि स्पिटफायर यांतला फरक ओळखावाच लागतो. हेराल्डची बॉडी पुढचा भाग आणि मागचा टब अशी वेगवेगळी असून बोल्टांनी जोडलेली. चॅसीवरच्या बोल्टांपाशी पॅकिंग कमीजास्त केलं की चौकट उघडते किंवा मिटते. स्पिटफायरमध्ये चॅसीच्या बाजूच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि तो भार दाराखालच्या सिलवर दिला. म्हणून गंजलेली सिल कापण्याआधी चौकटीत आडवा आधार पक्का करायचा, आणि एका वेळी एकच बाजू घ्यायची. आधाराशिवाय कापलं तर चौकट मिटते, नवी सिल त्या चुकीच्या मापातच वेल्ड होते, आणि मग कितीही पॅकिंग घातलं तरी दार बसत नाही. एमजीबी या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीला तर वेगळी चॅसीच नाही. तिथे सिल म्हणजेच गाडीचा कणा.

गैरसमज: कंपनीतून फटी सगळीकडे सारख्याच यायच्या.

नाही. त्या काळी दारं हाताने जुळवत, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक असे. आजच्या मोटारीची फट डोळ्यांपुढे ठेवून जुन्या दाराच्या कडेला पुट्टी चढवली, तर दार चारदा आपटताच ती टवका होऊन निघते. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसावी, एवढंच मागावं.

गैरसमज: आधी रंग, मग जुळवणी.

रंगाचे थर दाराच्या आणि चौकटीच्या, दोन्ही कडांवर चढतात. फट तेवढी कमी होते. काचेचं, लॉकचं वजन पडलं की दार किंचित खाली येतं. नवं रबर दाराला बाहेर ढकलतं. म्हणून गाडी चाकांवर उभी, इंजिन जागेवर, दारात काच आणि लॉक, अशी जुळवणी आधी करावी. पहिल्यांदा रबराशिवाय, मग रबर लावून. त्यानंतरच सगळं उतरवून रंगाला न्यावं. या दुहेरी कष्टाला मिस्त्री कंटाळतात, पण मालकाने आग्रह धरावा.

गैरसमज: लॉक वर सरकवलं की दार उचललं जातं.

जाणारच, आणि बिजागरी व लॉक दोन्ही लवकर झिजणार. चौकटीवरची लॉकची पट्टी सुरुवातीला काढूनच टाका. दार नुसत्या बिजागरीवर मोकळं झुलून बरोबर जागी आलं पाहिजे. पट्टी त्यानंतर, दार जिथे येतं तिथे लावायची.

बॉनेट सगळ्यात शेवटी. हेराल्ड आणि स्पिटफायर, दोन्हींचं बॉनेट मडगार्डांसकट एकाच तुकड्यात पुढच्या बाजूला उघडतं, आणि दारापाशी त्याची फट पुढच्या बिजागऱ्या सरकवून जुळते. बॉनेट पाहून दार हलवलं की मागची फट बिघडते. सुरुवात मागच्या टबापासून, मग दार, मग बॉनेट.