अंगावर काढू नये असे एक दुखणे

आपल्या व्यापारी समाजात हिशेबाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद होत नाही आणि वहीपूजनावाचून नवे वर्ष उघडत नाही. परंतु जिच्या आधारावर घर उभे असते, त्या गृहिणीच्या शरीरातून दरमहा किती रक्त खर्ची पडते, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. राजपुऱ्यातील आमच्या घरांतून ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ एवढ्या एका वाक्यावर हा विषय संपतो. स्मरणिकेत त्याविषयी लिहिताना आम्हांस संकोच वाटला नाही असे नाही. तथापि संकोचापायी प्रकृती गमावण्यापेक्षा संकोचच टाकणे श्रेयस्कर होय.

आपल्याच बऱ्हाणपुरात 1631 साली मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. साम्राज्याचे वैभव तिच्या कामी आले नाही, कारण त्या काळच्या वैद्यकापाशी साधनेच तोकडी होती. पुढे 1883 साली आनंदीबाई जोशी यांनी, या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात, म्हणून आपण अमेरिकेस जात आहोत, असे श्रीरामपूर येथील सभेत सांगितले, आणि 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. आज साधने आहेत, स्त्री-डॉक्टरही आहेत. उणीव आहे ती वेळेवर बोलण्याची.

प्रथम स्वाभाविक काय ते पाहू. साधारणतः 24 ते 38 दिवसांनी पाळी येते व स्राव सात-आठ दिवसांच्या आत थांबतो. पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याच्या पिशवीने वा साध्या गोळीने त्या शमतात. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत पहिली काही वर्षे थोडी अनियमितता असते. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

मात्र पुढील लक्षणे दिसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावेच. स्राव सात दिवसांहून अधिक चालणे. तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे किंवा त्यासाठी रात्री उठावे लागणे. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे. दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा पतिपत्नीच्या सहवासानंतर रक्त जाणे. जिना चढताना धाप लागणे, चेहरा फिका पडणे. तसेच वेदनेमुळे मुलीची शाळा किंवा सुनेचे काम दर महिन्यास बुडणे, गोळीने आराम न पडणे, वेदना वर्षागणिक वाढत जाणे, पाळीच्या दिवसांत शौचास वा लघवीस दुखणे, हीही तपासणीची कारणे आहेत. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर ते थेंबभर असले तरी विलंब करू नये.

काही प्रसंगी तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. सलग काही तास दर तासाला पॅड भिजणे, चक्कर येऊन पडणे, किंवा पाळी चुकल्यानंतर पोटात तीव्र कळ व रक्तस्राव होणे, अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

याची कारणे अनेक असतात. गर्भाशयात साध्या मांसल गाठी होतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले बाहेर, अंडाशयावर वा ओटीपोटात वाढतात आणि प्रखर वेदना देतात. कंठस्थ थायरॉईड ग्रंथीचे कार्य बिघडते. पहिल्या पाळीपासूनच स्राव अति असेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोषही असू शकतो. कारण निराळे तसा उपचारही निराळा, म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्या घरी देऊ नये.

अविवाहित मुलीस डॉक्टरांकडे नेण्यास आया-आज्या कचरतात. त्यांनी निश्चिंत असावे. बहुधा प्रथम विचारपूस होते, रक्त तपासले जाते आणि पोटावरून सोनोग्राफी केली जाते. मुलीच्या संमतीवाचून अंतर्गत तपासणी होत नाही.

रक्ताची आवक कमी व जावक अधिक झाली की पंडुरोग ठरलेलाच. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी 57 स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की सावध व्हावे. चातुर्मासात आपण पालेभाजी वर्ज्य करतो, तेव्हा डाळी, नाचणी व तीळ यांवर भर द्यावा, अन्नावर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा. परंतु केवळ आहाराने मोठी तूट भरत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात. अशक्त स्त्रीने अठ्ठाईसारखी तपश्चर्या आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक सूचना. गर्भाशय काढून टाकणे हा पहिला उपाय नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या असंख्य स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया तरुणपणीच झाल्याचे उघड झाल्यावर 2019 साली महाराष्ट्र शासनास चौकशी समिती नेमावी लागली. स्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांचे उपचार व गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन यांनी पुष्कळांचे काम भागते. कोणी प्रथम भेटीतच शस्त्रक्रिया सुचविली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

बंधूंनो, आपणही या विषयात परके नाही. दवाखान्यात जाण्याची गोष्ट निघाली की ‘गर्दीचे दिवस संपू द्या’ असे उत्तर बहुधा आपलेच असते. सासूबाईंनी सुनेस, आईने मुलीस स्वतःहून विचारावे. आणि प्रत्येक भगिनीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाळीची तारीख, दिवस व त्रास यांची नोंद ठेवावी. तीन महिन्यांची ती छोटी खातेवही डॉक्टरांपुढे ठेवली, म्हणजे निम्मे निदान तेथेच होते. मात्र वर सांगितलेली लक्षणे असतील, तर नोंद पुरी होण्याची वाट न पाहता आजच निघावे.