गावच्या पेपरात जाहिरात देताना

वृत्तपत्रातली जाहिरातीची जागा कॉलम-सेंटिमीटर या मापाने विकली जाते. जाहिरात किती कॉलम रुंद आणि किती सेंटिमीटर उंच, यांचा गुणाकार म्हणजे तिचे माप. तीन कॉलम रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच जाहिरात ४५ कॉलम-सेंटिमीटरची झाली. मोठ्या आकाराच्या पानावर साधारण चार सेंटिमीटर रुंदीचे आठ कॉलम बसतात. दर कॉलम-सेंटिमीटरला ६० रुपये धरला, तर या जाहिरातीचे २,७०० रुपये होतात. मात्र काही वृत्तपत्रे दर चौरस सेंटिमीटरला सांगतात. त्या हिशेबाने हीच जाहिरात १२ गुणिले १५, म्हणजे १८० चौरस सेंटिमीटरची, आणि ६० रुपयांच्याच दराने तिचे बिल १०,८०० रुपयांवर जाते. पहिल्यांदा जाहिरात देणारा दुकानदार हमखास फसतो तो इथेच. म्हणून दर विचारताना तो कशाचा, हे आधी विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे.

छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी लागतो. पण तालुक्याच्या अनेक साप्ताहिकांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आतली असते. त्यांनी जीएसटीची नोंदणी केलेली नसेल, तर त्यांना बिलात हा कर लावता येत नाही. बिलावर कर दिसला, तर शेजारी जीएसटी क्रमांकही दिसला पाहिजे.

जागेनुसार दर बदलतो. पहिल्या पानाचा दर सर्वांत चढा, त्याखालोखाल शेवटच्या पानाचा. नावपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या चौकटी आकाराने लहान असल्या तरी नजर पहिल्यांदा तिथेच जाते. त्या बहुधा वर्षभरासाठी कुणीतरी धरून ठेवलेल्या असतात. रंगीत जाहिरातीचा दर वेगळा. चार पानी अंकात पान एक आणि पान चार कागदाच्या एकाच बाजूला छापले जातात. पहिले पान रंगीत असेल, तर चौथ्या पानावर रंग देण्यासाठी छापखान्याला वेगळी खटपट करावी लागत नाही. तेव्हा रंगाचा जादा आकार कमी करून घ्यायला चौथ्या पानावर वाव असतो.

दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न खपाचा. मोठ्या दैनिकांचा खप तपासणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आहे, पण तालुका पातळीवरची पत्रे सहसा तिची सभासद नसतात. त्यांचा खप म्हणजे त्यांनी सांगितलेला आकडा. शिवाय छापलेल्या प्रती आणि वाचकापर्यंत पोचलेल्या प्रती या दोन गोष्टी वेगळ्या. काही साप्ताहिके तर फायलीत लावण्यापुरती आणि सरकारी जाहिरातींच्या यादीतले नाव टिकवण्यापुरतीच छापली जातात. त्यांच्यात दिलेले पैसे वाया जातात. खरे चित्र कळायला फार खटाटोप लागत नाही. एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याला गाठावे आणि किती अंक येतात, किती परत जातात, हे विचारावे. सार्वजनिक वाचनालयात, केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर तो अंक दिसतो का, हे पाहावे. पोस्टाने अंक घेणारे वर्गणीदार किती, हे संपादकाला विचारावे. ज्याचा पेपर खरोखर वाचला जातो, तो संपादक हे आनंदाने सांगतो.

अंकावर छापलेला मजकूरही बराच बोलका असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे, छपाईचे ठिकाण आणि नोंदणी क्रमांक असतो. वृत्तपत्रांची नोंदणी दीर्घकाळ १८६७ च्या कायद्याने होत असे. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला आहे. तळाशी नोंदणी क्रमांकच नसलेल्या पत्राशी व्यवहार करू नये.

लहान पत्राचे बळ कशात आहे, हे जाहिरातदाराने नीट समजून घ्यावे. सावंतवाडीचे ‘वैनतेय’ किंवा वेंगुर्ल्याचे ‘किरात’ यांसारखी साप्ताहिके पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती आपल्या भागाशी असलेल्या घट्ट नात्यामुळे. ग्रामसभेत काय झाले, कोणत्या शाळेचा निकाल कसा लागला, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध कधी, हे वाचायला लोक असा अंक हातात घेतात आणि तो घरात आठवडाभर पडून राहतो. मोठ्या दैनिकाची जिल्हा पुरवणी जास्त प्रती देते, यात शंका नाही. पण बियाणांचे दुकान, शिकवणी, पॅथॉलॉजी लॅब किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्याचे गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघातले असते. त्या परिघाबाहेरच्या वाचकासाठी त्याने पैसे का मोजावेत? असे गिऱ्हाईक आपल्या भागाच्या साप्ताहिकात कमी खर्चात आणि नेमके सापडते.

वेळही साधावी लागते. अंक गुरुवारी निघत असेल आणि आठवडी बाजार शनिवारी असेल, तर सवलतीची जाहिरात त्या अंकात हवी. बाजार उरकल्यावर हाती पडलेली जाहिरात कामाची नाही. बियाणे-खतांची जाहिरात पेरणीआधी, शिकवणीची निकालाच्या सुमारास, सोन्या-वाहनांची पाडवा आणि दसऱ्याच्या आधी. एकदाच अर्धे पान घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन कॉलमची छोटी जाहिरात सहा-आठ अंकांत त्याच जागी येत राहिली, तर नाव लोकांच्या ओळखीचे होते. दिवाळी अंक, वर्धापनदिनाचा विशेषांक यांत शुभेच्छांची गर्दी असते. वीस चौकटींच्या पानावर एकविसावी चौकट कोणी वाचत नाही. अशा अंकाला जाहिरात द्यावी ती संबंध म्हणून, पत्र जगावे म्हणून. ते चांगलेच कारण आहे. त्यातून गिऱ्हाईक येईल, अशी अपेक्षा मात्र धरू नये.

जाहीर नोटिशीचे शास्त्र वेगळे आहे. जमीन घेताना वकील मालकी हक्काची खात्री करण्यासाठी हरकती मागवणारी नोटीस देतात. तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या गावातला भाऊबंद, कूळ किंवा आधीचा खरेदीदार ती वाचेल. म्हणून अशा नोटिशीला स्थानिक पत्र अत्यंत योग्य. पण प्रत्येक नोटीस साप्ताहिकात चालत नाही. न्यायालयाचा समन्स जाहिरातीने बजावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात खप असलेल्या दैनिकातच तो छापावा लागतो. बँकेने थकीत कर्जदाराच्या मालमत्तेचा ताबा घेतल्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी लागते, आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले व त्या भागात पुरेसा खप असलेले असावे लागते. वकिलाला आधी न विचारता स्वस्त जागा घेतली, तर नोटीस पुन्हा छापण्याची पाळी येते. गट नंबरमधला एक आकडा चुकला तरी तेच होते, आणि हरकतीची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते.

म्हणून प्रूफ. मजकूर हल्ली मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवला जातो, पण अनेक लहान पत्रांची पाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात. एकातून दुसऱ्यात जाताना रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरे फुटतात. ‘सूर्यकांत’ या नावाचा रफार सरकला, की श्रद्धांजलीच्या जाहिरातीत त्या घराला किती वाईट वाटते, हे संपादकांना चांगले ठाऊक असते. तेव्हा पान लागल्यानंतरचा पीडीएफ मागवावा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा; ज्याने मजकूर लिहिला, त्याला स्वतःची चूक दिसत नाही. फोन नंबर एकदा लावून पाहावा. काळ्या पट्ट्यावर बारीक पांढरी अक्षरे टाळावीत. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, शाई पसरते आणि अशी अक्षरे बुजतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मूळ फाइल द्यावी.

मजकुरावर कायद्याची बंधने आहेत. मधुमेह, लकवा यांसारखे आजार हमखास बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. गर्भलिंगनिदानाची जाहिरात हा गुन्हा आहे. रेरा या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी लागणाऱ्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाचे संकेतस्थळ ठळक छापावे लागते. निवडणुकीत उमेदवाराने दिलेली जाहिरात त्याच्या खर्चात धरली जाते. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातीला निवडणूक यंत्रणेच्या समितीचे पूर्वप्रमाणपत्र लागते.

लहान पत्रांत बातमी आणणारा वार्ताहर बहुतेक वेळा जाहिरातीही आणतो आणि त्याचे कमिशन त्यातूनच निघते. इथेच ‘जाहिरात द्या, बातमीही लावू’ असा प्रस्ताव येतो. तो नाकारावा. पैसे देऊन लावलेली बातमी गावात लपत नाही, आणि ज्या पेपरातल्या बातमीवर लोकांचा विश्वास उडाला, त्यातल्या जाहिरातीवर तरी तो का बसावा? जाहिरातीला चौकट आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द असला, की पत्राची आणि जाहिरातदाराची, दोघांचीही पत राहते. ‘जाहिरात दिली नाही तर बघून घेऊ’ असे सुचवणारा कोणी आला, तर त्याच्याशी बोलत न बसता थेट संपादकाला लेखी कळवावे.

व्यवहाराची कागदपत्रे साधीच असतात. मागणीपत्रात आकार, पान, तारखा, रंग, दर आणि किती वेळा छापायची, हे यावे. बिलासोबत जाहिरात छापलेला अंक मिळाला पाहिजे. त्यावर पट्टी ठेवून आकार मोजता येतो. जाहिरात चुकीची छापली गेली, तर पुढच्या अंकात ती विनामूल्य पुन्हा छापायची, असे आधीच ठरवून ठेवावे. धनादेश वार्ताहराच्या नावे न देता वृत्तपत्राच्या खात्यावर द्यावा, आणि वेळेवर द्यावा. अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्च सहसा निघत नाही, कागद आणि छापखाना मात्र रोखीने भागवावे लागतात. अनेक चांगली साप्ताहिके वाचक असूनही बंद पडली, ती जाहिरातींच्या थकलेल्या बिलांमुळे.