बावीस अक्षरांची दादागिरी

गुलमंडीच्या बाजारात ऐन लग्नसराईत साड्यांच्या दुकानात पाहा. गल्ल्यावरून चिठ्ठी निघते, पोऱ्या ती घेऊन माडीवरच्या गोदामात पळतो आणि मागितलेला माल खाली येतो. आता समजा, जिन्यात कुणी दबा धरून बसला आणि ठराविक चिठ्ठ्या तेवढ्या फाडू लागला, तर? खातेवही शाबूत, गोदाम भरलेलं, पण माल काही येत नाही.

आपल्या पेशींत असे शेकडो चिठ्ठीफाडे आहेत. डीएनएकडून प्रथिनाची मागणी घेऊन निघते ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. तिला गाठून निकामी करतो तो मायक्रोआरएनए. माणसाचा जनुकसंच 300 कोटी अक्षरांचा, आणि याची लांबी जेमतेम 22! व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांनी 1993 मध्ये तो दाखवला, तोही एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. कृमीचीच काही भानगड असेल, म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2000 मध्ये लेट-7 हा दुसरा सापडला आणि तो माणसातही निघाला, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. नोबेलला मात्र 2024 उजाडलं.

जठराच्या कॅन्सरमध्ये या मायक्रोआरएनएंचा तोल जातो. त्यांतला मिर-21 बेसुमार वाढतो आणि पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या पीटेन या प्रथिनाच्याच चिठ्ठ्या फाडतो. जठरात ठाण मांडणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आपलं कॅगए प्रथिन थेट पेशीत टोचतो. त्याने लेट-7 घटतो आणि वाढीला चिथावणारं रास प्रथिन मोकाट सुटतं.

खरी थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. जठराच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. झेब1 हे प्रथिन त्याचं उत्पादन बंद पाडू शकतं. त्याला दाबून ठेवतं मिर-200 हे कुटुंब. हे कुटुंब क्षीण झालं, की झेब1 डोकं वर काढतं, पकड सुटते, पेशी लांबुळक्या होतात आणि शेजार सोडून यकृताकडे, पोटाच्या आवरणाकडे निघतात. ई-कॅडहेरिनच्या जनुकातलं एक अक्षरही न बदलता हे घडू शकतं!

गुलमंडीपासून फार लांब नसलेल्या आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. अशा कुठल्याही रुग्णालयात बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात. त्यात लांबलचक आरएनएचे तुकडे तुकडे होतात. हे चिमुकले मायक्रोआरएनए मात्र वर्षानुवर्षं टिकतात. रक्तातही तग धरतात, म्हणून रक्तावरूनच निदान करता येईल का, याचा शोध चालू आहे.

औषधाचं घोडं मात्र अडलं आहे. मिर-34 ची नक्कल रुग्णांना देणारी चाचणी गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. मला त्याचं नवल वाटत नाही. एकेक मायक्रोआरएनए शेकडो प्रकारच्या चिठ्ठ्यांना हात घालतो.

तोवर जठराच्या कॅन्सरचं पक्कं निदान एंडोस्कोपी आणि बायोप्सीनेच होतं. अपचन आठवडेच्या आठवडे हटत नसेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर अॅसिडिटीच्या गोळ्या गिळत बसू नका; डॉक्टर गाठा.