एक मुळम म्हणजे कुणाचा हात?

तंजावरच्या एखाद्या कापडाच्या दुकानात शिरा आणि म्हणा, "एक वेष्टी दाखवा." दुकानदार तुम्हालाच उलट विचारेल, "नालु मुळम की एट्टु मुळम?"

घ्या! मागायला गेलो कापड आणि पुढ्यात आलं गणित.

वेष्टी म्हणजे तमिळ लोकांचं धोतर. पांढरंशुभ्र, काठाला जरीची नाहीतर रंगीत पट्टी. नालु म्हणजे चार, एट्टु म्हणजे आठ. चार मुळमाची वेष्टी कमरेला एकपदरी गुंडाळतात, आठ मुळमाची दुपदरी. आता हे मुळम काय ते बघायचं तर हात टेबलावर ठेवा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढं एक मुळम. आपल्याकडे यालाच 'एक हात' म्हणायचे. आपला पंचा आठवतोय ना? अंघोळीनंतर आजोबा कमरेला लावतात तो. पाच हात लांब, म्हणून पंचा! नावातच माप शिवून टाकलंय.

'वेष्टी' या नावाच्या मात्र दोन कहाण्या सांगतात. काहींच्या मते ते संस्कृत 'वेष्ट्' म्हणजे गुंडाळणे यावरून आलं. पुस्तकाला वेष्टन घालतो ना, तेच हे. काही तमिळ मंडळी म्हणतात, छे, आमच्या भाषेत 'वेट्टु' म्हणजे कापणे. मागावरच्या लांबलचक कापडातून कापून काढलेली ती वेट्टी. (बोलताना बरेच जण 'वेट्टी'च म्हणतात.) मला पहिली कहाणी जास्त पटते, पण दुसरीच्या बाजूनेही एक साक्षीदार उभा आहे: खांद्यावरचा पंचा. त्याला तमिळमध्ये म्हणतात 'तुंडु', आणि तुंडु म्हणजे सरळसरळ तुकडा! शेतकरी तो खांद्यावर टाकतो, ऊन चढलं की डोक्याला बांधतो, घाम पुसतो, बसायला अंथरतो. एवढी कामं करूनही बिचाऱ्याचं नाव 'तुकडा'.

आता खरी गंमत. माझा हात लांब, तुमचा आखूड. मग मुळम कुणाचं धरायचं? तमिळनाडूत मोगऱ्याचे गजरेही मुळमावर विकतात. फुलवाली माळ कोपराला लावते, बोटापर्यंत ताणते आणि तोडते. तिथे भांडण नाही, फुलवालीचा हात हेच माप. पण किमती वस्तूंचं काय?

याचं उत्तर तंजावरच्याच मोठ्या देवळात, बृहदीश्वर मंदिरात मिळतं. राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ 1010 साली पुरं झालं. देवाला कोणकोणत्या धातूच्या मूर्ती दिल्या, त्या किती उंच, हे सगळं तिथल्या दगडांवर तमिळमध्ये कोरून ठेवलंय, तेही मुळम आणि 'विरल' म्हणजे बोटांच्या हिशेबात. आणि हुशारी बघा: हे मोजमाप देवळात जपून ठेवलेल्या मुळमानेच केलंय, असंही तिथे लिहिलंय. म्हणजे हात कुणाचाही असो, माप एकच! (त्याच देवळाच्या भिंतीवर 1803 सालचा लांबच लांब मराठी शिलालेखही आहे बरं का. तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांनी आपल्या घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला.)

मुळमाचा अर्धा भाग म्हणजे 'साण', आपली वीत. तमिळमध्ये म्हणतात, माणसाचं शरीर आठ साणांचं. आठ विती म्हणजे चार हात. म्हणजे नालु मुळम वेष्टी जवळजवळ तुमच्या उंचीएवढी लांब झाली की! पण थांबा. मराठीत आपण काय म्हणतो? 'साडेतीन हातांचा देह'. तमिळ माणूस चार हात म्हणतो, मराठी माणूस साडेतीन. अर्ध्या हाताची तफावत आली कुठून?

चला, मोजूनच टाकू. एक दोरी घ्या. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरून तिथे गाठ मारा. मग भिंतीला टेकून ताठ उभे राहा, डोक्यावर पट्टी आडवी धरून कुणाला तरी खूण करायला सांगा आणि त्या खुणेपासून जमिनीपर्यंत दोरी किती वेळा बसते ते पाहा. उंच असो की बुटका, बहुतेकांचं उत्तर पावणेचारच्या आसपास येतं. साडेतीनच्या थोडं वर, चारच्या थोडं खाली! आता घरातल्या सगळ्यांना मोजा, अगदी रांगणाऱ्या बाळालासुद्धा. बाळाला आडवं ठेवूनच मोजावं लागेल, आणि ते दोरी तोंडात घालणार, तेवढं सांभाळा.