भाषिक खेळ आणि संभाषणकौशल्य

भाषिक खेळ म्हणजे ध्वनी, शब्द, अर्थ किंवा हावभाव यांच्या आधारे, ठरावीक नियम पाळून खेळले जाणारे खेळ होत. बोलणे, ऐकणे, प्रश्न विचारणे आणि समोरच्याचा आशय ओळखणे या दैनंदिन संभाषणाला लागणाऱ्या कौशल्यांचा सराव अशा खेळांतून घडतो. मराठी समाजात उखाणे, कोडी, भेंड्या, कानगोष्टी, भोंडल्यातील खिरापत ओळखणे असे अनेक भाषिक खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. विसाव्या शतकात नाट्यशिक्षण, मानसशास्त्र आणि वक्तृत्वमंडळे यांमधून त्यांत नव्या प्रकारांची भर पडली. तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन यांच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) या ग्रंथातील 'भाषिक खेळ' ही संकल्पना वेगळी असून प्रस्तुत लेखाचा तिच्याशी संबंध नाही.

संकल्पना

भाषेचे व्याकरण अचूक येणे आणि त्या भाषेत चारचौघांशी नीट बोलता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकन भाषावैज्ञानिक डेल हाइम्स यांनी दुसऱ्या गोष्टीसाठी 'संप्रेषणक्षमता' ही संज्ञा रूढ केली. कोणाशी, केव्हा, कोणत्या शब्दांत बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, याचे भान तीत अंतर्भूत असते. दुकानदाराशी, आजीशी आणि मुख्याध्यापकांशी एकच मूल तीन तऱ्हांनी बोलते. हे त्याला कोणी तक्ता लिहून शिकवलेले नसते.

खेळाचा उपयोग येथेच होतो. वर्गात उत्तर देणाऱ्याचे लक्ष आपल्या चुकीकडे असते, तर खेळात ते डावाकडे असते. डाव जिंकण्यासाठी बोलावेच लागते, ऐकावेच लागते, आणि चूक झाली तर फार तर हशा पिकतो. बुजऱ्या व्यक्तीला तोंड उघडण्यासाठी नेमके हेच हवे असते.

मराठीतील पारंपरिक खेळ

खिरापत ओळखणे : आश्विन महिन्यात खेळल्या जाणाऱ्या भोंडल्यात (हादग्यात) गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा पुढे येतो. तो हलवून दाखवतात, पण उघडत नाहीत. आत काय आहे, हे मुलींनी प्रश्न विचारून ओळखायचे असते. गोड की तिखट? ओले की कोरडे? तळलेले की भाजलेले? ताटलीत घ्यायचे की वाटीत? हा खेळ म्हणजे प्रश्न विचारण्याचे उत्तम शिक्षण आहे. 'शिरा आहे का?' असा प्रश्न नकार मिळताच एकच पदार्थ वगळतो. 'गोड आहे का?' हा प्रश्न होकार आला काय नि नकार आला काय, सुमारे निम्मे पदार्थ बाजूला सारतो. अनुभवी मुली म्हणूनच पदार्थाच्या नावावर घाईने उडी मारत नाहीत. १९४६ मध्ये अमेरिकन आकाशवाणीवर सुरू झालेला 'ट्वेंटी क्वेश्चन्स' हा लोकप्रिय कार्यक्रम याच तत्त्वावर आधारलेला होता. प्रत्येक 'हो–नाही' प्रश्नाने शक्यता निम्म्यावर येत गेल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंमधून एक नेमकी वस्तू शोधता येते. खिरापत ओळखायला इतके प्रश्न लागत नाहीत. मात्र ती कोणालाच ओळखता आली नाही, तर ती करणाऱ्या आईचे कौतुक होते.

उखाणा : 'उखाणा' या शब्दाचा एक अर्थ कोडे असा आहे, कोड्याला हुमाण असेही म्हणतात. आज मात्र तो शब्द प्रामुख्याने जोडीदाराचे नाव गुंफलेल्या यमकबद्ध रचनेसाठी वापरला जातो. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, या जुन्या संकेतातून उखाण्याने एक वाट काढून दिली. कौशल्याच्या दृष्टीने पाहता, दोन-चार ओळींत सभेचे लक्ष वेधणे, यमकापाशी नाव अचूक आणणे आणि हशा ओसरेपर्यंत थांबणे, असे बरेच काही त्यात साधावे लागते. पाठ केलेला उखाणा आणि प्रसंग पाहून तिथल्या तिथे रचलेला उखाणा यांत ऐकणाऱ्याला चटकन फरक कळतो. अलीकडे लग्नात नवरदेवालाही उखाणा घ्यायला लावतात. या प्रथेला दुसरी बाजूही आहे. नववधूची इच्छा असो वा नसो, तिच्यावर आग्रहाचा दाब येतो. आणि हळदीकुंकवाच्या समारंभांतून विधवांना दूर ठेवले गेल्यामुळे हा खेळ अनेक स्त्रियांच्या वाट्याला पुन्हा आलाच नाही.

भेंड्या : गाण्यांच्या किंवा कवितांच्या भेंड्यांत एका गटाच्या गाण्याचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्या गटाने नवे गाणे सुरू करायचे असते. वेळेत सुचले नाही तर त्या गटावर भेंडी चढते. मराठीत 'ळ' आणि 'ण' यांनी शब्द सुरू होत नसल्यामुळे त्यांच्या जागी 'ल' आणि 'न' घेण्याची सवलत सर्वत्र मान्य आहे. या खेळात शब्दसंग्रहाइतकीच परीक्षा ऐकण्याची होते, कारण समोरचा गट कोणत्या अक्षरावर थांबणार, याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. 'नाव, गाव, फळ, फूल' हा याचाच लेखी भाऊबंद म्हणता येईल.

कानगोष्टी : गोलात बसलेल्या खेळाडूंनी एक वाक्य एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात पोचवायचे आणि शेवटच्याने ते मोठ्याने सांगायचे, असा हा खेळ आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 'रिमेंबरिंग' (१९३२) या ग्रंथात साधारण अशाच साखळी-पद्धतीचे प्रयोग वर्णिले आहेत. त्यांत गोष्ट पुढे सरकताना आखूड होत गेली आणि अपरिचित तपशील ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसवले गेले. अफवा कशी बनते, हे व्याख्यानापेक्षा या खेळाच्या एका फेरीतून विद्यार्थ्यांना लवकर कळते. फेरी संपल्यावर वाक्य नेमके कोठे वळले, याचा माग काढणे हा त्यातला सर्वांत उपयुक्त भाग होय. घाईत तोच बहुधा टाळला जातो.

उच्चाराचे खेळ

'कच्चा पापड, पक्का पापड' किंवा 'चटईला टाचणी टोचली' यांसारखी वाक्ये भरभर म्हणण्याचा खेळ घरोघरी खेळला जातो. एकमेकांजवळच्या उच्चारस्थानांवर जीभ झपाट्याने फिरवावी लागल्याने ती अडखळते. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, पण लिपीत ते वेगळे दाखवले जात नाहीत. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' सारखा नाही. जग म्हणजे विश्व आणि 'तू सुखाने जग' यांतील 'जग' यांचे लेखन एक, उच्चार दोन. परभाषकांसाठी अशा जोड्या जुळवण्याचा खेळ फार उपयोगी पडतो.

या खेळांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी 'डोळा'ऐवजी 'डोया' येतो, तो त्याच्या बोलीचा नियम आहे. जिभेचा दोष नव्हे. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांवरून वर्गात हसे होऊ लागले, की खेळ थांबतो आणि जात, गाव व घर यांची झडती सुरू होते. असे हसू झेललेले मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. त्या मुलालाच आपल्या बोलीतील एखादे अवघड वाक्य इतरांना म्हणायला लावू दिले, तर डाव उलटतो.

आधुनिक प्रकार

अमेरिकेतील व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी मुलांसोबत काम करताना नाट्यखेळांची पद्धत विकसित केली; त्यांचे 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' हे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीतील एका खेळात दोघांनी निरर्थक ध्वनी काढून संभाषण करायचे असते. शब्द काढून घेतल्यावर आवाजाचा चढउतार, डोळे आणि हात किती बोलतात, ते लक्षात येते. महाराष्ट्रात सहलींमध्ये आणि संमेलनांत रंगणाऱ्या 'दमशेराज'मध्ये चित्रपटाचे नाव मूकाभिनयाने सांगायचे असते. त्याची गंमतही याच जातीची.

दुसरा एक सोपा प्रकार चित्रवर्णनाचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे. एकाने हातातील चित्राचे वर्णन करावे आणि दुसऱ्याने ते ऐकून काढावे. 'इकडे एक गोल, तिकडे एक रेघ' असे सांगणाऱ्याचा साथीदार पहिल्याच मिनिटाला हतबल होतो. 'कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा गोल' असे सांगायला खेळाडू आपोआप शिकतो. पत्ता सांगणे, डॉक्टरांना दुखणे सांगणे, दूरध्वनीवरून तक्रार नोंदवणे या सगळ्यांना हीच नेमकेपणाची सवय लागते.

राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे स्थापन केलेल्या टोस्टमास्टर्स या मंडळाच्या सभांत आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलण्याचा भाग असतो. बोलणाऱ्याने किती वेळा 'अं… अं…' केले, हे मोजण्यासाठी एक सदस्य नेमलेला असतो. मराठीत हा खेळ खेळताना 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' आणि 'ॲक्च्युअली' या शब्दांची मोजदाद करावी. आकडा ऐकून बोलणारा स्वतःच चकित होतो.

ऐकण्याचा खेळ

बोलण्याच्या स्पर्धा पुष्कळ आहेत, ऐकण्याच्या जवळजवळ नाहीत. वादविवाद स्पर्धेत प्रतिपक्षाचे म्हणणे बहुतेकदा खोडण्यापुरतेच ऐकले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी यासाठी एक साधा नियम सुचवला होता. मतभेदाच्या चर्चेत प्रत्येकाने आपले म्हणणे मांडण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगायचे. त्या वक्त्याने 'हो, मला हेच म्हणायचे होते' अशी मान्यता दिल्यावरच पुढे बोलायचे. नियम ऐकायला सोपा वाटतो, परंतु तो पाळताना चर्चेचा वेग एकदम मंदावतो आणि खेळाडूंना वारंवार परत जावे लागते. सुट्टीत कोठे जायचे, दूरदर्शन संचावर काय पाहायचे, असे घरगुती विषय घेऊन हा खेळ सुरू करणे सोयीचे असते. भांडण पेटलेले असताना तो सुरू केल्यास सहसा यश येत नाही.

खेळवताना

चार ते आठ जणांचा गट बहुतेक खेळांना पुरेसा होतो. त्याहून मोठ्या गटात बोलके तेच बोलत राहतात आणि बाकीचे प्रेक्षक बनतात. न बोलणाऱ्याला एकदम मध्यभागी उभे करू नये; त्याला आधी गुण मोजण्याचे, वेळ लावण्याचे किंवा खिरापतीचा डबा हलवण्याचे काम द्यावे. उत्तर माहीत असलेला तोच एकटा असला, की इतरांचे प्रश्न त्याच्याकडेच येतात आणि त्याला बोलावेच लागते.