'सीडीफोर'चा आकडा काय सांगतो?

परभणी - एचआयव्हीची बाधा झाल्यानंतरही माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसू शकतो. शेतात, मोंढ्यात, कचेरीत त्याचे काम नेहमीसारखे सुरू असते. आत मात्र प्रतिकारशक्तीची झीज होत असते. ही झीज मोजणारी चाचणी म्हणजे 'सीडीफोर'.

सीडीफोर या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या संरक्षणयंत्रणेला दिशा देतात. विषाणू नेमका त्यांच्यावरच हल्ला चढवतो. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः 500 ते 1500 असतात. ही संख्या 200 च्या खाली घसरल्यास क्षयरोग, न्यूमोनियासारखे संधिसाधू आजार बळावण्याचा धोका मोठा असतो.

देशात 1 एप्रिल 2004 रोजी मोफत एआरटी उपचार सुरू झाले, तेव्हा औषधे देण्याचा निर्णय प्रामुख्याने याच आकड्यावर ठरत असे. पुढे ही मर्यादा 350, नंतर 500 झाली आणि 2017 मध्ये ती रद्दच झाली. आता आकडा कितीही असो, निदान होताच उपचार दिले जातात.

मग चाचणी कशासाठी? आजार कुठवर पोचला आणि संधिसाधू आजार टाळणारी औषधे हवीत का, हे त्यातून कळते. साध्या तापानेही आकडा खाली-वर होतो. एका अहवालाने खचून जाऊ नये. मात्र, आकडा वाढला म्हणून गोळ्या थांबवणे घातक ठरते. विषाणू शरीरात कायम असतो आणि संधी मिळताच पुन्हा वाढतो.

परभणीसह राज्यातील सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे.